चेहरा न दिसणारा विद्यार्थी

वर्गात शिकवत असताना मुलांना विषय कळलेला नाही, हे शिक्षकाला कसे कळते? परीक्षा अजून दूर असते, कोणी हात वर करून सांगतही नाही. तरीही ते कळते. कोणाच्या कपाळावर आठी पडते, कोणाची पेन्सिल वहीवर थबकते, मागच्या बाकावर कुजबुज सुरू होते. 'समजले ना?' या प्रश्नाला साऱ्या वर्गातून एका सुरात 'होऽऽ' येतो, पण तो पोकळ आहे हे अनुभवी शिक्षकाचे कान लगेच ओळखतात. मग शिक्षक मागे जातो, दुसरे उदाहरण घेतो, गती कमी करतो. हे सारे काही सेकंदांत घडते आणि इतके सहज घडते, की आपण काही विशेष केले असे त्याला वाटतही नाही.

आता हेच शिक्षण दूर अंतरावरून चालू आहे अशी कल्पना करा. पुस्तक आहे, अभ्यासक्रम आहे, विद्यार्थी आहे, शिक्षकही आहे. नाही तो फक्त चेहरा. विद्यार्थी रात्री दहा वाजता, घरातली कामे आटोपल्यावर, एकटाच पुस्तक उघडून बसतो आणि चौदाव्या पानावर अडतो. त्याच्या कपाळावरची आठी कोणालाच दिसत नाही. तो तेथेच थांबला, पुस्तक मिटून ठेवले आणि पुन्हा उघडलेच नाही, तरीही ते कोणाच्या लक्षात येत नाही. वर्गातला रिकामा बाक दिसतो, पण या विद्यार्थ्याला बाकच नसतो!

आमचा रोजचा व्यवसाय संशोधनाचा. पण गेली काही वर्षे रविवारी आम्ही एका मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर भौतिकशास्त्राचे संमंत्रक म्हणून काम करतो. संमंत्रक म्हणजे दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याचा मार्गदर्शक. तो व्याख्याने देण्यासाठी नसतो, तर विद्यार्थी जेथे अडला तेथून त्याला पुढे नेण्यासाठी असतो. या कामात आम्हांला जे उमगले, त्यातले बरेचसे आमच्या चुकांमुळे उमगले. ते येथे मांडत आहोत. या मासिकाच्या वाचकांपैकी अनेक शिक्षकांनी नोकरी सांभाळून याच मार्गाने पदवी घेतली असेल, आणि बारावीनंतर नोकरी धरावी लागणारे काही विद्यार्थीही उद्या याच मार्गाने जातील.

टपालातून शाळा

दूरशिक्षण ही अलीकडची कल्पना नव्हे. इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत देशभर पत्र पाठवण्याची सोय झाली. त्याच सुमारास आयझॅक पिटमन यांनी आपली लघुलेखनपद्धती टपालाने शिकवण्यास सुरुवात केली. विद्यार्थ्यांनी दिलेला मजकूर लघुलिपीत उतरवायचा आणि पाठवायचा, तो तपासून परत यायचा, अशी ती रीत होती. यातले मर्म पाहण्यासारखे आहे. नुसती छापील माहिती विकणारे पिटमन यांच्या आधीही होते. नवे होते ते तपासून परत पाठवणे. छापील मजकूर एका दिशेने जातो. तपासलेला कागद परत येतो, तेव्हाच त्याला शिक्षण म्हणता येते.

भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. ब्रिटनमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली आणि १९७१ मध्ये त्याचे पहिले विद्यार्थी अभ्यासाला लागले. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना तेथे घरी प्रयोग करण्यासाठी साहित्याच्या पेट्या टपालाने जात. त्यानंतर आंध्र प्रदेशात १९८२ मध्ये आपल्या देशातले पहिले मुक्त विद्यापीठ निघाले. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू राम ताकवले हे मूळचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे या विद्यापीठाचे ब्रीद आपल्या परिचयाचे आहेच.

गंगा घरोघरी पोचली खरी. पण ती कोठे तुंबली, हे तिला कळावे कसे?

चार मिनिटांचा हिशेब

मुक्त विद्यापीठांत अभ्यासाचे मोजमाप श्रेयांकांत करतात. इग्नूच्या रीतीप्रमाणे एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचा सुमारे ३० तासांचा अभ्यास. म्हणजे चार श्रेयांकांच्या विषयासाठी १२० तास झाले. यांतले बहुतेक तास विद्यार्थी एकटा असतो. संमंत्रकाची भेट होते ती थोड्याच सत्रांत. समजा, एक सत्र दोन तासांचे आहे आणि त्याला ३० विद्यार्थी आले आहेत. १२० मिनिटे भागिले ३०, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ४ मिनिटे येतात.

या चार मिनिटांत विद्यार्थी जर 'सर, पाचवा घटक काहीच कळला नाही' एवढेच म्हणाला, तर संमंत्रक काय करील? तो पाचवा घटक पहिल्यापासून सांगू लागेल. जो भाग विद्यार्थ्याला आधीच कळला आहे, त्यातच वेळ संपून जाईल. नेमक्या अडलेल्या जागी पोचेपर्यंत पुढचा विद्यार्थी वही घेऊन उभा राहिलेला असेल.

आता तोच विद्यार्थी असे म्हणाला तर पाहा. 'सर, सरळ वर फेकलेल्या दगडाच्या उदाहरणात मी अडलो. माझा विचार असा होता : सर्वांत वरच्या बिंदूला दगड क्षणभर थांबतो, म्हणून त्याचा वेग शून्य. वेग शून्य म्हणून त्वरणही शून्य. पण पुस्तकात त्वरण ९.८ दिले आहे. माझी कोणती पायरी चुकली?'

हा प्रश्न हाती आल्यावर चार मिनिटे पुरून उरतात. चूक दुसऱ्या पायरीत आहे, हे संमंत्रकाला लगेच दिसते. तो म्हणेल, 'वरचा बिंदू येण्यापूर्वी ०.१ सेकंद दगडाचा वेग किती होता? सेकंदाला ०.९८ मीटर, वरच्या दिशेने. आणि त्या बिंदूनंतर ०.१ सेकंदाने? तेवढाच, पण खालच्या दिशेने. म्हणजे ०.२ सेकंदांत वेगात १.९६ इतका बदल झाला. १.९६ भागिले ०.२ किती? बरोबर ९.८. त्वरण म्हणजे वेग नव्हे, तर वेग बदलण्याचा दर. वेग क्षणभर शून्य झाला, तरी त्याचे बदलणे थांबलेले नाही. तेही थांबले असते, तर दगड वरच लटकत राहिला असता!'

दोन्ही वेळा विद्यार्थी तोच आणि अडचणही तीच होती. फरक इतकाच, की दुसऱ्या वेळी त्याने आपल्या कपाळावरची आठी शब्दांत मांडली. आमच्या मते दूरशिक्षणातल्या विद्यार्थ्याने शिकण्याचे पहिले कौशल्य हेच आहे. वर्गात जे काम चेहरा आपोआप करतो, ते येथे मुद्दाम लिहून करावे लागते.

न्हाणीघरातला गिझर

परत येणाऱ्या माहितीला शास्त्रात प्रत्याभरण म्हणतात. एखाद्या क्रियेचा परिणाम पाहून पुढची क्रिया सुधारणे, असा त्याचा सोपा अर्थ. सायकल चालवताना तोल जाऊ लागला की आपण हँडल किंचित वळवतो, हे प्रत्याभरण. पण ते नुसते असून भागत नाही, ते वेळेवरही यावे लागते.

याचा अनुभव हिवाळ्यात न्हाणीघरात येतो. गिझर दूर असेल, तर नळ फिरवल्यावर गरम पाणी यायला वेळ लागतो. पाणी गारच येते म्हणून आपण नळ आणखी सोडतो. तरी गारच येते, म्हणून आणखी. आणि मग एकदम अंग भाजणारे पाणी येते. घाईने नळ बंद करावा, तर थोड्या वेळाने पुन्हा बर्फासारखे पाणी! नळ ठीक असतो आणि गिझरही ठीक असतो. दोष असतो तो क्रिया आणि परिणाम यांच्यामधल्या उशिराचा. उशीर असूनही आपण मोठमोठे बदल करत राहिलो, तर पाणी कधीच मनाजोगे होत नाही. त्यावर उपाय दोन : उशीर कमी करणे, आणि तो कमी होत नसेल तर नळ थोडा थोडा फिरवून प्रत्येक वेळी परिणामाची वाट पाहणे.

दूरशिक्षणातले स्वाध्याय हे असेच प्रत्याभरण आहे. विद्यार्थ्याने उत्तरे लिहायची, संमंत्रकाने तपासून शेरे द्यायचे, आणि शेरे वाचून विद्यार्थ्याने पुढचा अभ्यास सुधारायचा. इग्नूच्या अनेक अभ्यासक्रमांत अंतिम निकालात स्वाध्यायांचा वाटा ३० टक्के असतो, उरलेला ७० टक्के सत्रांत परीक्षेचा. त्यामुळे स्वाध्याय म्हणजे ३० टक्के गुण मिळवण्याची सोय, असाच पुष्कळांचा समज होतो. मग काय होते? चारही विषयांचे स्वाध्याय शेवटच्या तारखेच्या आदल्या आठवड्यात एकदम लिहिले जातात. पहिल्यात जी चूक झाली, तीच चौथ्यातही राहते, कारण पहिला तपासून यायच्या आतच चौथा लिहून झालेला असतो. कित्येकदा तपासलेले कागद परत न्यायलाही कोणी येत नाही. शेरे लिहिलेले ते गठ्ठे कपाटात तसेच पडून राहतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

याहून वाईट प्रकारही आहे. स्वाध्यायांची तयार उत्तरे विकत मिळतात, आणि ती उतरवून काढली की काम झाले असे काहींना वाटते. यात नीतीचा प्रश्न आहेच. पण तो क्षणभर बाजूला ठेवला, तरी शास्त्राच्या दृष्टीने हे कसे दिसते? ताप आपल्याला आहे आणि तापमापक शेजाऱ्याच्या तोंडात धरला आहे! आकडा उत्तम येईल, पण आपल्या दुखण्याचा पत्ता डॉक्टरला कधीच लागणार नाही.

एक प्रसिद्ध पत्रव्यवहार

दूर अंतरावरच्या मार्गदर्शकाशी वागावे कसे, याचे एक उदाहरण गणिताच्या इतिहासात आहे. श्रीनिवास रामानुजन मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून होते. १६ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी केंब्रिजच्या गॉडफ्रे हार्डी यांना पत्र लिहिले आणि सोबत आपली अनेक सूत्रे पाठवली. ती वाचून, आपले सहकारी लिटलवुड यांच्याशी चर्चा करून, हार्डी यांनी ८ फेब्रुवारीला उत्तर लिहिले. या दोन तारखांमध्ये २३ दिवसांचे अंतर आहे. रामानुजन यांचे पुढचे पत्र २७ फेब्रुवारीचे, म्हणजे आणखी १९ दिवसांनंतरचे. टपाल बोटीने जाई. एका फेरीला महिना सव्वा महिना लागत असे.

हार्डी यांनी काय लिहिले ते लक्ष देण्यासारखे आहे. त्यांनी 'छान' किंवा 'चूक' असा एका शब्दाचा निकाल दिला नाही. आलेल्या सूत्रांचे त्यांनी तीन गट पाडले. काही आधीच माहीत असलेली किंवा माहीत असलेल्यांवरून सहज निघणारी, काही नवी आणि कुतूहल वाढवणारी, आणि काही नवी असून महत्त्वाची. आणि मुख्य म्हणजे त्यांनी सिद्धता मागितल्या. नुसती उत्तरे नकोत, उत्तरापर्यंत तुम्ही कसे पोचलात ते दाखवा, असे त्यांचे म्हणणे होते.

ते दाखवणे रामानुजन यांना जड गेले. यापूर्वी लंडनच्या एका गणितज्ञांनी त्यांच्या अपसारी श्रेढींतल्या कामावर प्रतिकूल अभिप्राय दिला होता, आणि आपली रीत दाखवली तर याही वेळी तसेच होईल अशी भीती त्यांना वाटत होती. ती भीती समजण्यासारखी आहे. तरीही हार्डी यांची मागणी योग्यच होती. अविभाज्य संख्यांविषयीचे रामानुजन यांचे काही दावे पुढे चुकीचे ठरले. एखादा निष्कर्ष बरोबर की चूक, हे कधी कधी नुसते पाहून सांगता येते. पण तो का चुकला, हे पायऱ्या पाहिल्यावाचून सांगता येत नाही. पुढे १९१४ मध्ये रामानुजन केंब्रिजला गेले आणि दोघांनी शेजारी बसून काम केले. पण त्याची वाट त्या पत्रांनी तयार केली होती.

आपण कोणी रामानुजन नव्हे, आणि आमच्यासारखे संमंत्रक काही हार्डी नव्हेत. परंतु धडा दोघांसाठीही आहे. विद्यार्थ्याने पायऱ्या दाखवाव्यात, आणि मार्गदर्शकाने नुसता निकाल न देता काय बरोबर, काय अपुरे, हे वेगवेगळे करून सांगावे.

'पुन्हा वाचा'

हा धडा आम्ही स्वतः किती उशिरा शिकलो, तेही सांगितले पाहिजे.

आमच्या केंद्रावर एक शिक्षिका यायच्या. तालुक्याच्या गावाहूनही पलीकडे एका खेड्यात त्या प्राथमिक शाळेत शिकवत आणि विज्ञानाच्या पदवीचा अभ्यास करत. रविवारी पहाटेची एस.टी. पकडून त्या सत्राला येत आणि मागच्या रांगेत बसत. त्यांचा पहिला स्वाध्याय आमच्याकडे तपासायला आला, तेव्हा गठ्ठा मोठा होता आणि वेळ थोडा. एका उत्तरावर आम्ही लाल शाईने रेघ मारली आणि खाली लिहिले, 'चूक. घटक पुन्हा वाचा.' पुढच्या सत्राला त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाहीत. आमच्या ते लक्षातही आले नाही, हे कबूल करायला हवे.

दोन महिन्यांनी त्यांचे आंतर्देशीय पत्र केंद्राच्या पत्त्यावर आले. आशय असा होता : आपण पुन्हा वाचायला सांगितले म्हणून मी तो घटक तीन वेळा वाचला. प्रत्येक वेळी मला माझे उत्तर बरोबरच वाटते. म्हणजे ज्या ठिकाणी चूक आहे ती मला दिसतच नाही. माझ्या वर्गातल्या मुलांना मी असे कधीच सांगत नाही, मी त्यांच्या शेजारी बसून कोठे चुकले ते पाहते. मला हा विषय झेपणार नसेल तर तसे कळवावे, म्हणजे मी फी वाया घालवणार नाही.

ते पत्र वाचून आम्हांला खरोखर लाज वाटली. त्यांचा स्वाध्याय पुन्हा काढून पाहिला. सात ओळींचे उत्तर होते. पहिल्या पाच ओळी अगदी बरोबर होत्या. सहाव्या ओळीत वस्तुमान आणि वजन यांची गल्लत झाली होती, आणि सातवी ओळ तिच्यावर आधारलेली होती. म्हणजे चूक होती ती एका शब्दाची. आम्ही मात्र साऱ्या उत्तरावर रेघ मारली होती. मग आम्ही सविस्तर उत्तर लिहिले : पाच ओळी बरोबर आहेत, सहाव्या ओळीत 'वजन' ऐवजी 'वस्तुमान' घालून पुढचे गणित करून पाहा आणि कळवा. विषय तुम्हांला झेपणार नाही असे आम्हांला मुळीच वाटत नाही, हेही लिहिले.

त्या परत आल्या. त्या वर्षीची परीक्षा हुकली होती, ती त्यांनी पुढच्या वर्षी दिली. त्यांचे एक वर्ष गेले ते आमच्या चार शब्दांमुळे. आणि पत्र न लिहिणाऱ्या किती जणांची वर्षे अशीच गेली असतील, हे मोजण्याचा कोणताही मार्ग आमच्याकडे नाही.

दोघांनी काय करावे

या अनुभवांतून आम्ही काही साध्या गोष्टी ठरवल्या. त्या विद्यार्थ्यांना पहिल्याच सत्रात सांगतो.

पहिली गोष्ट, अडलेली जागा अडल्याबरोबर लिहून ठेवावी. पान, ओळ, 'येथपर्यंत कळले', 'येथून कळले नाही' आणि 'मला असे वाटले' एवढे पुरे. आठवड्याने तीच अडचण आठवत नाही, नुसती धास्ती उरते. शिवाय असे लिहिताना निम्म्या शंका आपोआप सुटतात, हाही अनुभव आहे.

दुसरी, पहिला स्वाध्याय लवकर द्यावा, भले तो अपुरा असो. तो तपासून आल्यावरच दुसरा पुरा करावा. नळ थोडा थोडा फिरवावा!

तिसरी, फी, परीक्षेचा अर्ज, ओळखपत्र असे कार्यालयीन प्रश्न केंद्र संयोजकांना विचारावेत. त्यांत संमंत्रकाची चार मिनिटे घालवू नयेत.

चौथी, सत्राला येणे जमणार नसेल तर तसे कळवावे. गैरहजर विद्यार्थी कामात आहे की निराश झाला आहे, हे दुरून सारखेच दिसते.

आणि संमंत्रकाने काय करावे? प्रत्येक स्वाध्यायावर निदान तीन गोष्टी लिहाव्यात : बरोबर काय आहे, घसरण नेमकी कोठे झाली, आणि आता पुढे कोणती एक छोटी गोष्ट करायची. आलेली शंका लांबवू नये. लागोपाठ दोन सत्रांना न आलेल्यांची नावे काढून त्यांना स्वतःहून निरोप पाठवावा. आम्ही आता तशी यादी ठेवतो.

आज मोबाइलमुळे शंका क्षणात पोचते. रामानुजन यांच्या पत्राला लागलेले तीन आठवडे तीन सेकंदांवर आले आहेत. उशीर कमी झाला, हे फार चांगले झाले. पण मोबाइलवर आलेला 'सर, कळले नाही' हा निरोप बोटीने आलेल्या त्याच वाक्याहून अधिक काही सांगत नाही. पुस्तकातल्या पानाचा फोटो आला, तरी त्यात विद्यार्थ्याचा विचार दिसत नाही. त्याने स्वतः केलेल्या चुकीच्या गणिताचा फोटो आला, तर मात्र पुष्कळ काही दिसते.

शेवटी शिक्षक वाचकांना एक विनंती. ही सवय मुक्त विद्यापीठात प्रवेश घेतल्यावर एकाएकी लागत नाही, ती शाळेतच लावावी लागते. पुढच्या वेळी एखादा मुलगा 'बाई, गणित आले नाही' असे म्हणत वही पुढे करील, तेव्हा लगेच गणित सोडवून देऊ नका. 'कोठपर्यंत आले, आणि तेथे तुला काय वाटले, ते दोन ओळींत लिहून आण' असे सांगा. पहिल्या वेळी तो गोंधळेल, पण चौथ्या-पाचव्या वेळी लिहू लागेल. पुढे कधीतरी रात्री दहा वाजता तो एकटाच पुस्तक घेऊन बसेल, तेव्हा त्या दोन ओळी त्याच्या उपयोगी पडतील.